नऊ जिंकले तरी नारळ : नेब्रास्का फुटबॉल, हंगामागणिक

ओमाहाकर (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की आमच्याकडे हंगामात नऊ सामने जिंकणाऱ्या कोचला नारळ देतात, आणि तोही एकदा नाही, दोनदा दिलाय. त्यावर दोघांनी 'काहीही हं' केलं आणि एकीने सविस्तर लिहा म्हणून हुकूम सोडला. तर घ्या.

आधी गाव. नेब्रास्का म्हणजे अमेरिकेच्या ऐन पोटातलं राज्य. मका, सोयाबीन, गुरं आणि वारा. अख्ख्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास. इथे कुठल्याच खेळाचा मोठा व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते लिंकनच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा तो. संघाचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. त्याआधी त्यांना बगईटर्स म्हणत, किडेखाऊ. लिंकनच्या एका खेळ-वार्ताहराने १९०० च्या सुमाराला नवं नाव रुजवलं म्हणून वाचलो, नाहीतर आम्ही आजही दर शनिवारी लाल सदरे घालून किडेखाऊंचा जयजयकार करत बसलो असतो.

मेमोरियल स्टेडियम १९२३ चं. ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपलेली आहेत. हरोत, जिंकोत, बर्फ पडो. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम हे ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, असं इथला प्रत्येक माणूस पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. मी तुम्हाला ऐकवलं.

मी लिंकनला शिकायला आलो १९९८ च्या ऑगस्टात. जानेवारीत संघ राष्ट्रीय विजेता झाला होता. म्हणजे पंगत नुकतीच उठलेली, जिलबीचा वास अजून हवेत, आणि मी पाट शोधतोय. गेली सत्तावीस वर्षं शोधतोय.

एवढं समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. कॉलेजचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, आठवड्याला एक सामना, सगळे मिळून अकरा-बारा. मग बऱ्या संघांना वर्षाअखेरीस कुठेतरी उबदार गावी एक खास सामना मिळतो, त्याला बोल म्हणतात. ऑरेंज बोल, रोझ बोल, फिएस्टा बोल. राष्ट्रीय विजेता कोण, हे कित्येक दशकं मैदानावर ठरतच नसे. वार्ताहर एक यादी करायचे, कोच मंडळी दुसरी. त्यामुळे एक सामना हरलात की वर्ष पाण्यात. मी ९-२ असं लिहिलं तर नऊ विजय, दोन पराभव. तिसरा आकडा असेल तर बरोबरी.

पहिला सामना १८९० चा, ओमाहाच्या वाय.एम.सी.ए.विरुद्ध, १०-०. १९२२ आणि १९२३ या दोन्ही वर्षी नोटर डेम विद्यापीठाचा तो गाजलेला संघ एकेकदाच हरला, आणि दोन्ही वेळा नेब्रास्काकडून. १ जानेवारी १९४१ ला रोझ बोल खेळायला कॅलिफोर्नियात गेले, स्टॅनफर्डकडून २१-१३ हरले. मग वीस वर्षं ओसाडी. मधे १९५९ ला ओक्लाहोमाला २५-२१ हरवलं तेवढा एक दिवस सणाचा, कारण ओक्लाहोमा आपल्या गटात तोवर सलग चौऱ्याहत्तर सामने अपराजित होते. १९६१ चा हंगाम ३-६-१.

आणि १९६२ ला वायोमिंगहून बॉब डेव्हेनी आले. दुसऱ्याच सामन्यात मिशिगनच्या अंगणात जाऊन मिशिगनला २५-१३. हंगाम ९-२. शेवटी न्यूयॉर्कला यांकी स्टेडियममध्ये गॉथम बोल, मायामीविरुद्ध. ही गोष्ट इथे आजोबा नातवंडांना सांगतात. न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांचा संप, हाडं गोठवणारी थंडी, साठ हजारांहून जास्त मावतील अशा स्टेडियमात सहा हजारांच्या आसपास माणसं. आयोजकांकडे पैसे आहेत की नाहीत याचीच शंका, म्हणून त्यांचा चेक पक्का झाल्याशिवाय संघाचं विमान लिंकनहून हललं नाही म्हणतात. ३६-३४ जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बोल-विजय.

मग १०-१, ९-२, १०-१, ९-२. आणि मग १९६७ ला ६-४, १९६८ ला पुन्हा ६-४, तेही ओक्लाहोमाकडून ४७-० असा मार खाऊन. लगेच 'डेव्हेनी हटाव' सुरू. त्यांनी काय केलं, तर टॉम ऑस्बर्न नावाच्या एका अबोल, मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या तरुण सहायकाच्या हाती आक्रमणाची नव्याने मांडणी दिली. १९६९ ला ९-२.

१९७० ला अपराजित, फक्त यूएससीशी (दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ) २१-२१ बरोबरी. १ जानेवारी १९७१ च्या सकाळी नेब्रास्का यादीत तिसरे. दुपारी पहिल्या क्रमांकाचं टेक्सस हरलं, दुसरं ओहायो स्टेटही हरलं, आणि रात्री यांनी एलएसयूला (लुइझियानाचं विद्यापीठ) १७-१२ ने हरवलं. वार्ताहरांच्या यादीत पहिला नंबर, निक्सन स्वतः लिंकनला सन्मानफलक घेऊन आले. कोचांनी मात्र बोल सामन्यांच्या आधीच मतदान उरकून टेक्ससला विजेते ठरवलं होतं. घाई नडते.

१९७१ : १३-०. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, ओक्लाहोमाच्या नॉर्मन गावात पहिला नंबर नेब्रास्का विरुद्ध दुसरा नंबर ओक्लाहोमा. जॉनी रॉजर्स पंट (समोरच्यांनी लांब मारलेली किक) झेलून ७२ यार्ड पळत सुटला ती फीत मी शंभरदा पाहिली असेल. पण सामना जिंकला जेफ किनीने. शेवटचं दीड मिनिट राहिलेलं असताना चौथा टचडाउन. ३५-३१. त्याला शतकातला सामना म्हणतात, आणि अशी बिरुदं स्वस्तात वाटायच्या आधीच्या काळातली गोष्ट आहे ही. पुढे ऑरेंज बोलमध्ये अलाबामाचा ३८-६ असा धुव्वा. वर्षाअखेरीच्या यादीत पहिला नेब्रास्का, दुसरा ओक्लाहोमा, तिसरा कोलोरॅडो. तिन्ही एकाच गटातले.

१९७२ ला ९-२-१, रॉजर्सला हाइजमन करंडक (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा), नोटर डेमला ४०-६, आणि डेव्हेनी निवृत्त. अकरा वर्षांत १०१ विजय, २० पराभव. पुढचं उद्या, बायको जेवायला हाका मारतेय.


सातारी_पेढा

वाचतोय. पण काका, चेंडू हातात धरून पळतात त्याला फुटबॉल म्हणायचं, हे पाप कोणाच्या माथी?


ओमाहाकर

इंग्रजांच्या. रग्बीलाही रग्बी फुटबॉलच म्हणायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण. त्यावर बोनस : लाथ मारून एक, किंवा पुन्हा घुसून दोन. हा एक की दोनचा मुद्दा लक्षात ठेव, पुढच्या भागात त्यावर रडायचंय.


चौपाटी_एण्ड

डेव्हेनी थांबले ते १९७२. त्याच १९७२-७३ च्या मोसमात मुंबईने सलग पंधरावी रणजी जिंकली होती. पुढच्या वर्षी कर्नाटकाने उपांत्य सामन्यात आपल्याला घरी पाठवलं. वडील अजून त्या सामन्याबद्दल बोलत नाहीत. तुमचं दुःख आम्हाला कळतं, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


मिशिगनची_मावशी

१९६२ च्या २५-१३ चा उल्लेख मुद्दाम केलात ना? अॅन आर्बरमध्ये बसून वाचतेय, नोंद घेतली आहे. १९९७ येऊ दे, मग बघते.


ओमाहाकर

भाग दोन. ऑस्बर्न.

१९७३ ते १९९७, पंचवीस हंगाम. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबऱ्या. दरवर्षी बोल. आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. एकाही नाही. नऊ हा आकडा इथूनच लोकांच्या डोक्यात बसला. दिवाळीला फराळ होतो, तसे हंगामात नऊ होतात. कोणी आभार मानत नाही.

उलट पहिली वीस वर्षं तक्रारच होती, की हा माणूस मोठा सामना जिंकत नाही. ओक्लाहोमाशी पहिले पाचही सामने हरले. १९७८ ला शेवटी १७-१४ ने जिंकले, गाव रात्रभर नाचलं, आणि पुढच्याच शनिवारी मिसूरीकडून हरले. वर कपाळकरंटेपणा असा की ऑरेंज बोलमध्ये पुन्हा समोर ओक्लाहोमाच आलं, आणि यावेळी हरले. १९८२ ला १२-१, तो एक पराभव पेन स्टेटकडून २७-२४. शेवटच्या क्षणी त्यांच्या खेळाडूने झेल घेतला तेव्हा पाय रेषेबाहेर होता. इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, किती इंच बाहेर ते सांगतील.

आता १९८३. माझ्या मते नेब्रास्काचा सगळ्यांत देखणा संघ हाच, आणि तो विजेता ठरला नाही. टर्नर गिल क्वार्टरबॅक (म्हणजे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा), शिवाय माइक रोझियर, अर्व्हिंग फ्रायर. सरासरी सामन्याला बावन्न गुण. मिनेसोटाला ८४-१३. बारा सामने, बारा विजय. मग ऑरेंज बोलमध्ये मायामी, तेही मायामीच्याच घरच्या मैदानावर. सुरुवातीलाच ०-१७. त्यातून बाहेर पडायला त्यांनी एक चोरटी चाल खेळली : गिलने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवून दिला, सगळे एका बाजूला पळाले, आणि डीन स्टाइनकुहलर नावाच्या आडदांड गड्याने, ज्याचं काम एरवी फक्त धक्के मारायचं, तो चेंडू उचलून उलट्या बाजूने टचडाउन केला. शेवटची ४८ सेकंद उरली असताना टचडाउन, ३०-३१. आता एक गुण घेतला तर बरोबरी. त्या काळी जादा वेळ नव्हता. बरोबरी झाली असती तरी अपराजित राहिले असते आणि विजेतेपद जवळजवळ खिशात होतं.

ऑस्बर्ननी दोन गुणांसाठी संघ उभा केला. गिलचा पास एका मायामीकराच्या बोटाला लागून उडाला. ३१-३०. मायामी विजेते.


चौपाटी_एण्ड

मला हे पटत नाही. मुंबईचा एकही कर्णधार हे करणार नाही. पहिल्या डावाची आघाडी घे, खेळपट्टीवर ठाण मांड, करंडक घरी ने. याला खडूसपणा म्हणतात आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. बरोबरीने विजेतेपद मिळत असताना दोनसाठी जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.


निशिगंधा

मला उलट त्याच एका निर्णयामुळे हा माणूस आवडला. बरोबरी करून विजेते म्हणवून घ्यायला लाज वाटली असेल त्याला.


ओमाहाकर

इथे दोन्ही बाजू आहेत, पण निशिगंधाताईंच्या बाजूला गर्दी जास्त. पुढे जातो.

मधली वर्षं भरभर, नुसते विजय : १०, ९, १०, १०, ११, १०, ९, ९, ९. आकडे तेच आणि बोल सामन्यांत दक्षिणेच्या वेगवान संघांकडून हार तीच. मग १९९३, ११-१. ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेट १८-१६. शेवटच्या सेकंदाला ४५ यार्डांवरून मारलेली किक डावीकडे गेली. पुढच्या उन्हाळ्यात खेळाडू सराव करायचे तेव्हा गुणफलकावर १:१६ लावून ठेवायचे. त्या सामन्यात एक मिनिट सोळा सेकंद बाकी असताना ते पुढे होते, म्हणून.

१९९४ : १३-०. क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियरच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तो बसला. त्याच्या जागी शांत, उंच ब्रूक बेरिंजर आला आणि त्याने गाडा ओढला. शेवटी फ्रेझियर परतला, दोघांनी मिळून मायामीला मायामीत २४-१७ हरवलं. ऑस्बर्नना पहिलं विजेतेपद, बाविसाव्या हंगामात. बेरिंजर १८ एप्रिल १९९६ ला छोटं विमान कोसळून गेला, व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो दिवस दोन दिवसांवर असताना. स्टेडियमबाहेर त्याचा आणि ऑस्बर्नचा जोडपुतळा आहे. मी तिथून जाताना थांबतो.

१९९५ : १२-०. कोणीही चौदा गुणांच्या आत आलं नाही. फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाला ६२-२४, त्यात फ्रेझियरची ७५ यार्डांची धाव. अर्धा संघ अंगाला लोंबकळतोय आणि हा चाललाय.

१९९६ : ११-२. १९९७ : १३-०. मिसूरीत हरता हरता शेवटच्या फेकीत चेंडू एकाच्या छातीवरून पडला, पायाला लागून उडाला, आणि मॅट डेव्हिसन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने गवताच्या बोटभर वर झेलला. जादा वेळेत ४५-३८. ऑरेंज बोलमध्ये टेनेसीला ४२-१७. पाच वर्षांत साठ विजय, तीन पराभव. आणि ऑस्बर्न थांबले.


मृण्मयी_क

१९९५ चं इतकं कौतुक लिहिलंत, त्यात लॉरेन्स फिलिप्सचं नाव नाही. सप्टेंबरात त्याने आपल्या आधीच्या मैत्रिणीला मारहाण केली, अटक झाली, आणि नोव्हेंबरात तो परत संघात. फिएस्टा बोलला तर सुरुवातीपासून मैदानावर. हे गाळून १९९५ लिहिता येत नाही.


ओमाहाकर

गाळलं, कबूल. फुटबॉलची शिस्त हाच त्या पोराला सावरणारा एकमेव आधार आहे, तो काढला तर तो वाया जाईल, असं ऑस्बर्नचं म्हणणं होतं. ते मनापासून असेलही. पण ज्या मुलीने मार खाल्ला ती त्याच विद्यापीठात शिकत होती, तिच्या आधाराचं काय, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला आणि लिंकनमध्ये सगळ्यांत कमी. फिलिप्स पुढेही सावरला नाही. २०१६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात वारला. ऑस्बर्न माझ्यासाठी मोठा माणूस आहे, आणि हा निर्णय चुकीचा होता. दोन्ही लिहून ठेवतो.


मिशिगनची_मावशी

आला का १९९७? आता ऐका. मिशिगन १२-०, रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला हरवलं, वार्ताहरांच्या यादीत पहिला नंबर. आणि कोचांनी काय केलं, तर ऑस्बर्न निवृत्त होताहेत म्हणून निरोपाची शाल-श्रीफळ समजून नेब्रास्काला वर चढवलं. ते तुमचं अर्धं विजेतेपद म्हणजे सत्कार समारंभ आहे. आणि मिसूरीत तुमच्याच गड्याने चेंडूला लाथ मारली होती, ते मुद्दाम असेल तर नियमात बसत नाही.


ओमाहाकर

मावशी, टेनेसीला ४२-१७. वॉशिंग्टन स्टेटशी तुमचं २१-१६. बाकी लाथेबद्दल माझं मौन.


सातारी_पेढा

दोघांचा सामना का नाही लावला?


मिशिगनची_मावशी

कारण आमच्या गटाचा रोझ बोलशी करार होता. पुढच्याच वर्षीपासून पहिला विरुद्ध दुसरा खेळवायची पद्धत आली. आमच्या दोघांच्या भांडणाला उशीर झाला.


ओमाहाकर

भाग तीन, म्हणजे माझी पंगत.

गादीवर फ्रँक सोलिच आले. डेव्हेनींच्या हाताखाली खेळलेले, ऑस्बर्नच्या हाताखाली शिकलेले, घरचेच. १९९८ : ९-४. मी पहिल्यांदा स्टेडियमात गेलो तो हा हंगाम. शेजारचे आजोबा चार पराभवांवर असे बोलत होते जणू घरात सुतक आहे. १९९९ : १२-१, गटविजेते. २००० : १०-२. २००१ : अकरा सामने सलग जिंकून कोलोरॅडोत गेले आणि ३६-६२ असे सोलून निघाले. तरीही गणकयंत्राने लावलेल्या क्रमवारीच्या कृपेने राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचले, मायामीने ३७-१४ ने जागा दाखवली. एरिक क्राउचला हाइजमन मिळालं हे त्या धुरळ्यात विसरलं जातं.

२००२ : ७-७. १९६९ पासून सलग तेहतीस हंगाम नऊ किंवा जास्त विजय होते, ती माळ तुटली. सोलिचनी सहायक बदलले, बचाव सांभाळायला बो पेलिनी नावाचा तापट माणूस आणला, आणि २००३ ला ९-३ केलं. शेवटच्या सामन्यात कोलोरॅडोला त्यांच्या घरी हरवलं. दुसऱ्या दिवशी क्रीडा-संचालक स्टीव्ह पीडरसन यांनी नारळ दिला. कार्यक्रमाला सुमारपणाकडे घसरू देणार नाही, असं कारण.

आता बघा. सोलिचचे सहा हंगामांचे आकडे ५८-१९. त्यानंतर महिन्याहून जास्त काळ नवा कोचच मिळेना. शेवटी बिल कॅलहन आले. ऑकलंडच्या व्यावसायिक संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिकांच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलेले, पण नेब्रास्काच्या खेळपद्धतीशी काही देणंघेणं नाही. नेब्रास्काचा प्राण म्हणजे ऑप्शन. चेंडू घेऊन पळता पळता समोरचा काय करतो ते बघायचं, आणि स्वतः न्यायचा की बाजूच्याला द्यायचा ते त्या क्षणी ठरवायचं. गावोगावची शेतकऱ्यांची दणकट पोरं शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने संघात यायची, चार वर्षं हाडं झिजवायची आणि हा खेळ अंगात मुरवायची. कॅलहननी ऑप्शन मोडीत काढला, पासचा खेळ आणला, आणि ती पोरंही कमी झाली. माझं ठाम मत आहे की घसरण इथे सुरू झाली. पराभव नंतर आले.

२००४ : ५-६. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, सलग पस्तीस वर्षांची बोलची वारी खंडली. टेक्सस टेककडून १०-७०. माझी मुलगी त्याच वर्षी जन्मली. २००५ : ८-४, २००६ : ९-५, २००७ : ५-७, त्यात कॅन्ससकडून ३९-७६. इथे कॅन्ससला बास्केटबॉलवाले म्हणून हसायची पद्धत होती. पीडरसन गेले, कॅलहन गेले, आणि निवृत्त ऑस्बर्नना क्रीडा-संचालक म्हणून परत बोलावलं. मधल्या काळात ते खासदारकी करून आले होते.

मग पेलिनी. २००८ ते २०१४. हे वाचा : ९-४, १०-४, १०-४, ९-४, १०-४, ९-४, आणि मग ९-३. सात वर्षं नऊ नाहीतर दहा. इतकं नियमित तर इथलं हवामानही नसतं. २००९ ला गटाच्या अंतिम सामन्यात टेक्ससला पुरतं बांधून ठेवलं. एनडामुकाँग सू नावाचा राक्षस एकटा साडेचार सॅक (चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) घेऊन बसला. घड्याळ शून्यावर आलं, आमची पोरं मैदानात धावली, आणि पंचांनी फीत पाहून एक सेकंद परत लावला. टेक्ससने किक मारली. १३-१२. त्या एका सेकंदावर मी अजून कोणाशी शांतपणे बोलू शकत नाही.

पण पेलिनींचे चार पराभव साधे नसायचे. २०१२ ला विस्कॉन्सिनकडून ३१-७०. २०१४ ला पुन्हा विस्कॉन्सिन, एकट्या मेल्विन गॉर्डनने ४०८ यार्ड पळून दाखवले. वर माणूस पंचांवर ओरडणारा, प्रेक्षकांना शिव्या देतानाची त्याची फीत बाहेर आलेली. २०१४ ला शेवटचा सामना जिंकले, आयोवाविरुद्ध, आणि दोन दिवसांनी नारळ. पुन्हा नऊ विजयांवर.


चौपाटी_एण्ड

पेलिनीला काढलं ते योग्यच, माफ करा. सत्तर-सत्तर गुण खाणारा संघ नऊ कोणाशी खेळून जिंकतो, तेही बघा. नऊ आकडा कुचकामी आहे, कोणाविरुद्ध ते महत्त्वाचं.


निशिगंधा

मग सोलिचना काढलं तेही योग्य?


चौपाटी_एण्ड

नाही. सोलिच चार वर्षांपूर्वी १२-१ करून बसला होता. दोन्ही नऊ सारखे नाहीत.


ओमाहाकर

हे मला मान्य करावं लागतंय आणि ते मला आवडत नाहीये. इथे आम्ही दोन्ही नऊ एकाच मापाने मोजतो, कारण त्यानंतर काय झालं ते बघतो.

२०१५, माइक रायली, अतिशय सज्जन : ६-७. २०१६ : ९-४. हा आत्तापर्यंतचा शेवटचा नऊ. २०१७ : ४-८.

मग आले घरचे लेकरू. स्कॉट फ्रॉस्ट, १९९७ च्या संघाचा क्वार्टरबॅक, वुड रिव्हर गावचा. फ्लोरिडात एका संघाला १३-० करून आलेला. विमानतळापासून वाजतगाजत आणायचं तेवढं बाकी होतं. पहिला सामना विजांमुळे रद्द, मग ओळीने सहा पराभव. ४-८. ५-७. ३-५. आणि २०२१ : ३-९, ज्यात नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी गुणांनी. ओहायो स्टेटशी ९, ओक्लाहोमाशी ७, मिशिगनशी ३. असा हंगाम मी कुठल्याच खेळात पाहिलेला नाही. दर शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत वाटायचं की आज. सगळ्यांना नऊ हवे होते, ते असे मिळाले.

२०२२ ला डब्लिनमध्ये अकरा गुणांनी पुढे असताना फ्रॉस्टनी उगाच ऑनसाइड किक (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारायची जोखमीची आखूड किक) मारायला लावली आणि सामना घालवला. मग घरी जॉर्जिया सदर्नकडून ४२-४५, दुसऱ्या दिवशी छुट्टी. आणखी तीन आठवडे थांबले असते तर भरपाईची रक्कम निम्मी झाली असती. तरी दीड कोटी डॉलर मोजून सोडवणूक करून घेतली.

मॅट रूल : २०२३ ला ५-७, २०२४ ला ७-६. सहा जिंकल्यावर आठ वर्षांनी बोल मिळाला, तर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते. १९९८ ला नऊवर सुतक पाळणारे ते आजोबा आता नाहीत.


सातारी_पेढा

२०२४ चा बोल कुठे झाला?


ओमाहाकर

पिनस्ट्राइप बोल, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. बोस्टन कॉलेजला २०-१५.


निशिगंधा

म्हणजे १९६२ ला डेव्हेनींनी सुरुवात केली तेच?


ओमाहाकर

तेच नाव, इमारत नवी, रस्त्यापलीकडची. आणि यावेळी चेक वटला.


मृण्मयी_क

तुमची मुलगी बघते का हे सगळं?


ओमाहाकर

ती म्हणते, बाबा, तुमचा संघ म्हणजे पुराणातली वांगी. ती व्हॉलीबॉलवाली आहे. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाकडे पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. ३० ऑगस्ट २०२३ ला त्यांचा सामना फुटबॉलच्या स्टेडियमात ठेवला, ९२,००३ माणसं आली. ती तिथे होती, मीही होतो, आणि खरं सांगायचं तर एका संध्याकाळी इतका निर्धास्त मी त्या बाकांवर कधीच बसलो नव्हतो.


मिशिगनची_मावशी

येत्या २० सप्टेंबरला (२०२५) आमचा सामना लिंकनला आहे. मी आणि हे येतोय. तिकिटं तुम्ही बघा. तुमच्याकडे चिलीबरोबर सिनॅमन रोल खातात म्हणे, हा प्रकार काय आहे?


ओमाहाकर

शाळेच्या डब्यापासून खातात, मीही आता खातो. पण तुमच्यासाठी घरी थालीपीठ-लोणी. तो रन्झा म्हणून पाव मिळतो त्यात गोमांस आणि कोबी असतो, ह्यांना आधीच सांगून ठेवा. तिकिटं माझ्याकडे. अट एकच, पिवळा-निळा सदरा जॅकेटच्या आत घालायचा. माझ्या रांगेतली माणसं माणुसकीची आहेत, चहा विचारतील, पण १९९७ बद्दल त्यांनाही विचारायचंय.